सशाला चुना लागतो, शेतकऱ्याला लावू नका

(वसई येथे कापूस-ज्वारी पट्ट्यातून आलेल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



रात्रभर गाडीत बसून तुम्ही इथवर आलात. ज्यांनी वसई पहिल्यांदा पाहिली त्यांना सकाळी प्रश्न पडला असेल की इथे शेती आहे तरी कुठे? स्टेशनाबाहेर पडल्यापासून नुसत्या इमारती. शेती आहे, अजून थोडी शिल्लक आहे. पश्चिमेला समुद्राच्या अंगाला केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाला, पूर्वेला भात आणि डोंगरउतारावरचे गवत. २००९ मध्ये महानगरपालिका झाली, २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला, पाट्या बदलल्या. शेतकऱ्याच्या वहीतली बेरीज काही बदलली नाही. ज्यांच्या जमिनी गुंठ्यांवर आल्या त्यांनी हाती लागेल तो जोडधंदा धरला. कोणी कोंबड्या, कोणी शेळ्या, आणि आम्ही काही जणांनी ससे.

तुमचा निरोप आला तो असा: आमच्याकडे गावोगाव ससेपालनाची पत्रके फिरताहेत, पिंजरे आणि जनावरांबरोबर प्रजननाच्या खनिजाची पाकिटेही देतात, पाकीट घातले की मादी दर महिन्याला वितेच असे सांगतात, हे खरे का? कापूस आणि ज्वारीवाल्यांनी सशाचे व्याख्यान ऐकायला यावे याचे काहींना हसू येईल. पण प्रश्न सशाचा जेवढा आहे तेवढाच तुमच्या दावणीच्या गाईचाही आहे. शेवटी दोन्हींचा हिशेब एकाच वहीत बसतो, ते पुढे दिसेल.

जोडधंद्याबद्दल आपल्या चळवळीचे मत सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याला मूळ धंद्याच्या मालाला भाव द्यायचा नसतो तोच जोडधंद्याचा सल्ला द्यायला पुढे येतो. कापसात भागत नाही? कोंबड्या पाळा. कोंबड्यांत बुडालात? ससे पाळा. हे मत आम्हाला पटते आणि तरीही आम्ही ससे पाळले, हेही लपवत नाही. घरात पैसा नसला की माणूस तत्त्व खुंटीला टांगतो.

आधी पत्रकाकडे बघू. बहुतेक पत्रकांत एका युनिटला सात माद्या आणि तीन नर दाखवलेले असतात. आता सशाचा एक नर आठदहा माद्यांना पुरतो. मग सात माद्यांना तीन नर कशाला? विकणाऱ्याकडे नर जास्त होतात म्हणून. पुढे पत्रकात गुणाकार सुरू होतो. गाभणपण तीस-बत्तीस दिवसांचे, वेताला सहा ते आठ पिल्ले, ती पिल्ले पाचसहा महिन्यांत वितात, त्यांची पिल्ले पुन्हा. यातला पहिला आकडा खरा आहे, दुसराही चांगल्या मादीच्या बाबतीत खरा आहे. खोटे असते ते मधले गृहीत: की एकही वेत चुकत नाही, एकही पिल्लू मरत नाही, आणि विदर्भात मे महिना येतच नाही.

आणि शेवटची ओळ असते बायबॅकची. माल आम्हीच परत घेऊ. १९७२ मध्ये कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली तेव्हापासून एकच गिऱ्हाईक असणे म्हणजे काय, हे तुम्हाला शिकवावे लागत नाही. ते तर सरकार होते, निदान त्याच्या दारात बसता येत होते. इथे गिऱ्हाईक ऑफिसला कुलूप लावून जाते. ईमूचे तसेच झाले. २०१२ मध्ये तामिळनाडूत पेरुंदुराईला ते फुटले तेव्हा शेतकऱ्यांच्या दारात उंच पक्षी उभे होते आणि खायला घालायला कोणी नव्हते. २०१९ मध्ये आपल्या सांगली जिल्ह्यातून निघालेले कडकनाथ कोंबडीचे प्रकरणही तुम्ही वाचले असेल. ससा त्याच पंगतीत बसवला जातो आहे. सशाचा यात काही दोष नाही, बिचारा चांगला प्राणी आहे. हे पाळीव ससे म्हणजे आपल्या रानातला ससा नव्हे, हेही सांगून ठेवतो. रानससा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतो, त्याला पिंजऱ्यात घालायला जाऊ नका. पाळायच्या जाती परदेशी, न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला वगैरे. राजस्थानात अविकानगरला केंद्र सरकारची मेंढी आणि लोकर संशोधन संस्था आहे, तिथे या जातींवर बरेच काम झाले आहे.

आता पाकीट.

आमची सुरुवात अशी. चारा म्हणजे बांधावरचे आणि ओढ्याकाठचे गवत, आंबोण म्हणजे गव्हाचा कोंडा. पहिली वेते बरी गेली. मग माद्या नर घेईनात, घेतला तर उलटू लागल्या, व्याल्या तर पिल्ले अशक्त, आणि तिसऱ्या आठवड्यात आईला दूध पुरेना. एक मादी तर पिल्ले अंगाशी असतानाच मान टाकून आडवी झाली आणि संध्याकाळपर्यंत गेली. विकणाऱ्याला विचारले. त्याने पाकीट दिले. त्याने भागेना तेव्हा दोन चमचे घाला म्हणाला. घातले. माद्यांनी खाद्यच मागे ठेवायला सुरुवात केली. तेव्हा एका पशुवैद्याकडे गेलो. त्यांनी औषध लिहिले नाही. विचारले, काय घालता, किती घालता, वजन करून सांगा. आम्ही गप्प, कारण वजन कधी केलेच नव्हते. घरी येऊन तराजू काढला. त्या दिवशी जे कळले ते तुम्हाला सांगायचे आहे.

पिल्ले पाजणारी मादी साधारण चार किलोची. तिसऱ्या आठवड्यात ती दिवसाला दोनशे ग्रॅमच्या आसपास दूध देते. त्या दुधात गाईच्या दुधाच्या तीनचार पट कॅल्शियम असते, म्हणजे रोज ग्रॅमभर चुना एवढ्याशा अंगातून बाहेर जातो. तुमची चारशे किलोची गाय दहा लिटर दूध देते तेव्हा बारा ग्रॅम जातो. किलोला किलो लावून बघा, सशाची मादी गाईच्या सातआठ पट चुना देऊन बसते. हा चुना आला नाही तर ती हाडातून काढते, आणि हाडातून काढणे अंगाला जमले नाही की मान टाकते. गाईच्या दुग्धज्वराचाच तो प्रकार.

अशा मादीला दिवसाला कोरड्या वजनाने साडेतीनशे ग्रॅम खाद्य धरा. त्यात एक ते सव्वा टक्का कॅल्शियम हवे, म्हणजे चार ग्रॅम, आणि स्फुरद साधारण पाऊण टक्क्याच्या आत, म्हणजे दोन-सव्वादोन ग्रॅम. आम्ही काय देत होतो? दीडशे ग्रॅम कोंडा आणि कोरड्या वजनाने दोनशे ग्रॅम गवत. कोंड्यात स्फुरद भरपूर असतो, टक्काभर, चुना मात्र जवळजवळ नाही. कोंड्यातून दीड ग्रॅमच्या वर स्फुरद आला, चुना पाव ग्रॅमही नाही. गवताने फार तर पाऊण ग्रॅम चुना आणि थोडा स्फुरद दिला. बेरीज करा: स्फुरद दोन ग्रॅम, गरजेइतका. चुना एक ग्रॅम, गरजेच्या पाव.

कोंड्यातला स्फुरद कोंबडीला नीट पचत नाही, पण सशाला पचतो. सशाच्या मोठ्या आतड्यात किण्वन होते आणि रात्रीची मऊ लेंडी तो स्वतःच तोंडाने उचलून परत खातो. बघून कोणी घाबरू नका, ती रीतच आहे.

म्हणजे आमच्या माद्यांना कमी पडत होता फक्त चुना. आणि पाकिटात काय होते? गाईगुरांचे खनिज मिश्रण, नुसते सशाचे चित्र छापलेले. गुरांच्या मिश्रणाला भारतीय मानक १६६४ लागू आहे. मीठ नसलेल्या प्रकारात निदान २० टक्के कॅल्शियम आणि १२ टक्के स्फुरद असावा लागतो. आमचा तीन ग्रॅम चुन्याचा खड्डा त्याने भरायचा तर पंधरा ग्रॅम घालावे लागते. त्याबरोबर पावणेदोन ग्रॅम स्फुरद फुकट येतो. आधीचे दोन आणि हे पावणेदोन, एकूण टक्क्याच्या वर. स्फुरद टक्क्याच्या वर गेला की ससा खाद्य नाकारू लागतो, आणि फार वर गेला की गाभ धरणे बिघडते, मेलेली पिल्ले पडतात, हे परदेशात तपासून झालेले आहे. आमच्या दोन चमच्यांनी हेच केले. रोगावर दिलेले औषध रोगाच्या बाजूने लढत होते.

उपाय निघाला तो इथल्या किनाऱ्यावरचा. अर्नाळा, कळंब, राजोडी, कुठेही जा, शिंपले पडलेले असतात. पूर्वी हेच शिंपले भाजून चुना करीत. कोंबडीखाद्याच्या दुकानात शिंपल्याचा चुरा स्वस्तात मिळतो, त्यात ३८ टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम. पाजणाऱ्या मादीला दिवसाला आठ ग्रॅम, बारीक करून, ओल्या कोंड्यात. झाले. पुढे गवताचा निम्मा भाग काढून द्विदल पाला घातला तेव्हा तेवढाही लागेना. तुमच्याकडे समुद्र नाही, पण तुमच्याकडे जे आहे ते आमच्याकडे नाही: तुरीचा पाला, भुईमुगाचा पाला, शेवगा, पाणी असेल तिथे लसूणघास. द्विदलाच्या कोरड्या पाल्यात दीड टक्का आणि त्याच्या वरही कॅल्शियम सापडते. तुरीच्या पाल्याची गंजी हे तुमचे पाकीट आहे, त्याला लेबल नाही एवढेच. सुबाभूळ मात्र थोडीच, त्यातल्या विषाने केस गळतात आणि गाभ धरायलाही ती चांगली नाही.

हा चुना वर्षभर सगळ्यांना घालायचा नाही, हेही सांगतो. नराला आणि रिकाम्या मादीला निम्म्याने पुरतो. ससा पोटात आलेला चुना गाईसारखा गरजेपुरता निवडून घेत नाही, येईल तितका रक्तात ओढतो आणि जास्तीचा लघवीतून टाकतो. म्हणून लघवी पांढरी, ताकासारखी दिसते. थोडी पांढरी असणे स्वाभाविक आहे. तळाशी खडूसारखा गाळ बसू लागला तर चुना जास्त होतो आहे असे समजा. काही मंडळी अंड्यावरच्या कोंबडीचे खाद्य सशाला घालतात. त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असते, अंड्याच्या कवचासाठी. इतक्या चुन्यानेही वेत बिघडते. मांसाच्या कोंबडीचे खाद्य तर त्याहून धोक्याचे. त्यात रक्ती हगवणीवरची जी औषधे मिसळतात त्यांतली काही, सॅलिनोमायसिन, नॅरासिन वगैरे, सशाला विषच आहेत. शेजारी कोंबडीवाला असला आणि उरलेली गोणी फुकट देत असला तरी घेऊ नका.

आता तुमच्या दावणीकडे येऊ.

सशाचा हिशेब जमल्यावर आम्ही तोच गाईला लावून पाहिला. आमच्याकडे भाताचा पेंढा, तुमच्याकडे कडबा. दोन्हींत स्फुरद शेकडा दशांश एकच्या आसपास. तीनशे किलोची गाय सहा किलो कडबा खाते, म्हणजे तिला सहा ग्रॅम स्फुरद मिळतो. दूध देत नसली, गाभण नसली तरी नुसते अंग चालवायला दहाबारा ग्रॅम लागतो. म्हणजे उन्हाळ्यात नुसत्या कडब्यावर असलेली गाय रोज निम्म्या स्फुरदावर उभी असते. मग ती हाडे चघळते, चामड्याचा जोडा चघळते, चिंध्या खाते. आणि माजावर येत नाही. आपण म्हणतो भाकड झाली. भाकड कसली, उपाशी आहे, आणि पोट मात्र भरलेले.

बघा कसे आहे. एकाच अंगणात, एकाच घरात, गाईला कमी पडतो स्फुरद आणि कोंड्यावरच्या सशाला कमी पडतो चुना. दुकानातले पाकीट मात्र दोघांना एकच. गाईला ते उपयोगी पडेल, कारण कडब्यावरच्या जनावराला दोन्ही हवे असतात आणि मिश्रणात दोन्ही असतात. दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आसपास चांगले मिश्रण गाईला घातले तर पैसा वाया जात नाही. म्हणून खनिज मिश्रण खोटे आहे असा निरोप इथून घेऊन जाऊ नका. उणीव असेल तिथे ते खरे आहे. उणीव नसेल तिथे ते पिल्ले वाढवीत नाही. आठ पिल्लांची मादी दुप्पट खनिज घातल्याने सोळा देत नाही.

एक सूचना इथेच. स्फुरद कमी म्हणून कोणी खताचे सुपर फॉस्फेट आंबोणात कालवू नका. त्यात फ्लोरिन असतो, दात आणि हाडे जातात. जनावराला डायकॅल्शियम फॉस्फेट मागा, तेही पशुखाद्याच्या दर्जाचे. त्यात १८ टक्के स्फुरद असतो.

हा स्फुरद तुमच्या गाईला कमी का पडतो, हाही प्रश्न विचारला पाहिजे. एक क्विंटल कापूस जिनिंगला गेला की त्यात पासष्ट किलोच्या आसपास सरकी जाते. त्या सरकीत चारशे ग्रॅमच्या आसपास स्फुरद असतो, म्हणजे दोन किलो डीएपीत असतो तेवढा. तो तुमच्या रानातून निघाला. भाव ठरतो रुईकडे बघून. मग तीच सरकी पेंड होऊन पोत्यातून परत येते आणि तुम्ही आपल्याच रानातला स्फुरद विकत घेता. एक किलो सरकी पेंडीत दहा ग्रॅमच्या आसपास स्फुरद असतो. गाईला ती पुरेशी मिळाली तर पाकीट लागणारही नाही. पण ज्या वर्षी कापसाला भाव नसतो त्या वर्षी पहिली बंद होते ती पेंड. दोन वर्षांनी गाय भाकड म्हणून बाजारात निघते आणि मग एखादा शहाणा विस्तार अधिकारी सांगतो की शेतकऱ्याला संतुलित आहाराचे ज्ञान नाही.

मग तीच पेंड सशाला का नको? तुमच्यापैकी बरेच जण हे करून बसतील, घरची पेंड म्हणून. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. वाढ झालेल्या गाईच्या पोटात ते बरेचसे बांधले जाते. सशाचे पोट तसे नाही. गॉसिपॉल नराच्या वीर्यावर घाला घालतो. चीनमध्ये काही खेड्यांत लोक कच्च्या सरकीच्या तेलात स्वयंपाक करीत आणि तिथल्या जोडप्यांना मुले होईनात, तेव्हा शोध लागला तो याचाच. १९७० च्या दशकात त्यांनी त्यापासून पुरुषांची गर्भनिरोधक गोळीसुद्धा करून पाहिली, हजारो माणसांवर. पण काहींच्या रक्तातले पोटॅशियम खाली गेले, हातपाय गळाले, आणि काहींचे वीर्य गोळी बंद केल्यावरही परत आले नाही, म्हणून ती मागे पडली. जे माणसाला संततिनियमनासाठी देऊन पाहिले ते आपण सशाच्या नराला आंबोणातून घालायचे आणि वर प्रजननाचे पाकीट विकत आणायचे! लोहाचा क्षार, म्हणजे फेरस सल्फेट, गॉसिपॉलला बांधतो आणि परदेशात डुकरांच्या खाद्यात तो घालतात. पण त्याचे माप गॉसिपॉल मोजून ठरवावे लागते. आपण त्या फंदात पडू नये. सरकी पेंड गाईला, कोंडा आणि पाला सशाला.

ज्वारीचेही थोडक्यात. किराळ लागून गुरे मरतात हे तुम्ही आमच्यापेक्षा जास्त जाणता. कोवळ्या, पावसाने ओढ दिलेल्या किंवा कापल्यावर फुटलेल्या ज्वारीत ते विष असते. सशाला ती हिरवी ज्वारी नकोच. मोठ्या डोसाने जनावर मरते तेवढेच आपल्याला दिसते. थोड्या थोड्या डोसाचे विष अंग गंधकाच्या मदतीने निकामी करते, पण त्यातून जे उरते ते आयोडीनच्या आड येते. आयोडीन कमी पडले की पिल्ले मेलेली किंवा अशक्त येतात. घरातले आयोडीनचे मीठ चिमूटभर आंबोणात टाकले की एवढे काम भागते. इथे आमच्या मिठागरांतले खडे मीठ आम्ही आधी घालत होतो. खनिजाचे म्हणून त्याचे मोठे कौतुक होते आम्हाला. समुद्राचे असले तरी त्यात आयोडीन फारसे टिकत नाही, हे मागाहून कळले.

आणि आता ज्याला कुठलेच खनिज उपाय नाही ते. उष्णता. सशाला घाम येत नाही, कानांतून काय जाईल तेवढीच उष्णता जाते. तीस-बत्तीस अंशांच्या वर पारा राहू लागला की नराचे वीर्य खराब होते. सशाचे वीर्य तयार व्हायला सहासात आठवडे लागतात. म्हणून एप्रिल-मेचा फटका पाऊस पडून गारवा आल्यावरही, जूनच्या शेवटापर्यंत, जुलैपर्यंत दिसत राहतो. आमच्याकडे दमट हवा, पारा चौतीसला अडतो, तरी आमची उन्हाळी वेते निम्म्याच्या वर फुकट जातात. तुमच्याकडे पंचेचाळीस अंश. बरोबर याच महिन्यांत पाकिटांचा खप वाढतो, कारण माद्या उलटतात आणि शेतकरी हवालदिल होतो. पुढे ऑगस्टमध्ये गाभ राहू लागला की श्रेय पाकिटाला. पाकीट न घालणाऱ्या शेजाऱ्याच्या माद्याही ऑगस्टमध्येच गाभण राहिल्या, हे कोणी जाऊन बघत नाही. आम्ही बघितले. तेव्हापासून काही माद्या मुद्दाम बिनपाकिटाच्या ठेवतो, त्याच चाऱ्यावर, त्याच छपराखाली. सगळ्यांना एकदम घातले तर फरक कशाने पडला हे जन्मात कळत नाही.

उन्हाळ्यात करायचे ते एवढेच: कौले किंवा पाचटाचे छप्पर, पत्रा नको. बाजूंना ओली गोणपाटे. निदान नर तरी घरातल्या गार खोलीत आणून ठेवा. मादी नराच्या पिंजऱ्यात न्यायची, पहाटे न्यायची. आणि पाणी. पिल्ले पाजणारी मादी दिवसाला लिटरभर पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. व्यालेली मादी पिल्ले खाते तेव्हा लोक म्हणतात, हिला खनिज कमी पडले. आमच्या पाहण्यात बहुतेक वेळा भांडे कोरडे होते, नाहीतर रात्री कुत्रे पिंजऱ्याशी आले होते, नाहीतर ते तिचे पहिलेच वेत होते.

जीवनसत्त्वांच्या बाटल्यांबद्दल एक वाक्य. अ जीवनसत्त्व सशाला कमी पडले तर मादी गाभडते आणि जास्त झाले तरी गाभडते, पिल्लांच्या डोक्यात पाणी भरते. हिरवा पाला रोज मिळणाऱ्या मादीला बाटलीची गरज नाही. ई जीवनसत्त्वही त्याच हिरव्या पाल्यात असते. जस्ताचे मात्र खरे आहे. जस्त नसेल तर मादी नर घेत नाही, हे तपासलेले आहे. पण कोंड्यात जस्त पुरेसे असते. नुसत्या तांदळाच्या चुरीवर किंवा मक्यावर ससे ठेवणाऱ्याने त्याचा विचार करावा.

पत्रकवाला तुमच्या गावी येईल तेव्हा त्याला तीन गोष्टी विचारा. पाकिटावर कॅल्शियम, स्फुरद आणि जस्त किती टक्के हे छापले आहे का? नुसते 'शक्तिवर्धक' लिहिले असेल तर तिथेच थांबा. दुसरे, सात माद्यांना तीन नर कशाला? आणि तिसरे, मे महिन्यात वेत किती झाली, त्याची वही दाखव. आमच्या अनुभवाने तिसऱ्या प्रश्नाला त्याला चहाची आठवण होते.

ससे पाळावेत की नाही, हे आम्ही सांगणार नाही. मुंबईचे गिऱ्हाईक आम्हाला लोकलने दीड तासावर आहे, तरी माल खपवताना दमछाक होते. तुम्हाला तालुक्याच्या गावी कोण घेणार ते आधी ठरवा, मादी मागाहून आणा. ज्यांच्या घरी आधीच आणले आहेत त्यांनी घरी गेल्यावर तराजू काढावा. एका मादीचे एका दिवसाचे खाद्य वजन करून कागदावर लिहा: कोंडा किती, पाला कोणता, किती, पाणी किती. गाईचेही तसेच लिहा. कडब्याची, कुटाराची आणि पेंडीची मूठ-मूठ कागदी पिशवीत घालून वर गावाचे नाव लिहून पुढच्या बैठकीला आणा. इथून मुंबईला तपासणीसाठी देण्याची व्यवस्था आम्ही करू. खर्च सगळ्यांत वाटून घेऊ. आता उन्हं वाढायच्या आत पिंजरे बघून येऊ. फक्त पाचपाच जण या, एकदम गेलात तर माद्या बिथरतात, आणि दोन काल रात्रीच व्याल्या आहेत.